घाटासाठी हलका गिअर: पुढची चेनरिंग बदलावी की मागची कॅसेट?

सपाटीवर मस्त पळणारी रोड बाइक सिंहगडाच्या किंवा पसरणी घाटाच्या चढाला लागली, की सगळ्यात हलका गिअरही जड वाटायला लागतो. मग ग्रुपमधलं कुणी सांगतं, ‘कॉम्पॅक्ट क्रँक (पुढे ५०/३४ दातांच्या रिंगा) टाकून घे’, तर कुणी म्हणतं, ‘मागे बत्तीस दातांपर्यंतची कॅसेट टाक.’ दोन्हींनी चढ सोपा होतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की कुठलंही एक केलं तरी चालेल. तसं नाही. दोन्हींमधून मिळणारा फायदा वेगळा, मोजावी लागणारी किंमत वेगळी आणि कामही वेगळं. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी आधी कॅसेटकडे बघावं, क्रँककडे नंतर.

पेडलजवळच्या चकत्या म्हणजे चेनरिंग, त्या आणि पेडलचे दांडे मिळून क्रँक, मागच्या चाकावरचा चकत्यांचा गठ्ठा म्हणजे कॅसेट. पुढे दात जितके कमी तितका गिअर हलका, मागे मात्र दात जितके जास्त तितका हलका. पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागलं की पेडलच्या एका फेरीत चाक किती वेळा फिरतं ते कळतं. पुढे ३६ आणि मागे २८ असतील तर १.२९ वेळा. रोड बाइकच्या नेहमीच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर, म्हणजे एका फेरीत साधारण २.७ मीटर अंतर.

आता दोन बदल शेजारी ठेवून बघू. समजा सायकलवर ५२/३६ ची क्रँक (मोठी रिंग ५२ दातांची, छोटी ३६) आणि ११-२८ ची कॅसेट (सर्वांत लहान चकती ११ ची, सर्वांत मोठी २८) आहे. पुढची छोटी रिंग ३६ ची ३४ केली, तर गिअर साधारण साडेपाच टक्के हलका होतो. पुढे हात न लावता मागे ११-३४ बसवली, तर तो साडेसतरा टक्के हलका होतो. हा फरक पायांना कसा जाणवतो, त्याचा ढोबळ हिशेब असा. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, दहा टक्क्यांचा चढ आणि मिनिटाला ७० फेऱ्या. ३६/२८ वर (पुढे ३६, मागे २८) ही लय राखायला सुमारे २८० वॅट लागतात. ३४/२८ वर २६५. ३६/३४ वर २३०. क्रँक बदलून पंधरा वॅट सुटले, कॅसेट बदलून पन्नास! हौशी स्वारासाठी पन्नास वॅट म्हणजे धापा टाकत अर्ध्यात थांबणं आणि बसल्या बसल्या वर पोचणं यातला फरक.

हलक्या गिअरमुळे डोंगर लहान होत नाही, हेही नीट लक्षात घ्यायला हवं. वरचे वॅट सुटले ते वेग कमी झाल्यामुळे; त्याच वेगाने चढायचं तर ताकद तेवढीच लागते. बदलते ती फेऱ्यांची गती आणि प्रत्येक फेरीत गुडघ्यावर येणारा जोर. ज्याच्या पायात २२० वॅटच आहेत, त्याचे पाय त्याच चढावर ३६/२८ वर मिनिटाला ५५ फेऱ्यांपर्यंत खाली येतात. ३४/३४ असेल तर तोच स्वार तेवढ्याच वेगात ७० च्या आसपास फिरवत राहतो. सिंहगडाचा रस्ता सुमारे नऊ किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या आसपास वर नेतो आणि मध्ये मध्ये दहा टक्क्यांच्या वर जातो. तिथे पाऊण-एक तास कमी फेऱ्यांनी जोर लावत राहिलं, तर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघे त्याची आठवण करून देतात.

मग कॅसेटचा तोटा काय? शेजारशेजारच्या चकत्यांच्या दातांमधली अंतरं वाढतात. सायकलचे भाग बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या ११-स्पीडच्या (मागे अकरा चकत्या) ११-२८ मध्ये सुरुवात ११, १२, १३, १४, १५ अशी एकेका दाताने होते. ११-३४ मध्ये तीच ११, १३, १५, १७ अशी. चढावर याने काही बिघडत नाही. पण सपाट रस्त्यावर, समोरून वारा असताना, चौघांच्या रांगेत चालवताना १३ जड आणि १५ हलका वाटतो, आणि मधला १४ नसतोच. ज्यांचं बहुतेक सायकलिंग सपाटीवर जोरात होतं, त्यांना हे खरंच खटकतं. त्यांच्यासाठी ११-३२ चांगला मधला मार्ग आहे: ११ ते १४ एकेकाने जातात आणि सर्वांत मोठं चक्र, म्हणजे चकती, ३२ चं मिळतं.

पुढची रिंग बदलली की कॅसेटमधली अंतरं तशीच राहतात आणि त्या रिंगवरचा प्रत्येक गिअर थोडा थोडा हलका होतो. ५२/३६ वरून ५०/३४ वर गेल्याने उतारावर वेग फार जाईल ही भीती मात्र अनाठायी आहे. मिनिटाला ९० फेऱ्यांना ५२/११ वर ताशी सुमारे ५४ किलोमीटर मिळतात, ५०/११ वर ५२. आपल्या घाटातल्या वळणांवर, खड्डे आणि एसटी सांभाळत, या दोन किलोमीटरवाचून कुणाचं अडत नाही.

खरेदीच्या आधी रिंगवर कोरलेला दातांचा आकडा वाचा. कितीतरी सायकली दुकानातूनच ५०/३४ घेऊन आलेल्या असतात आणि मालक कॉम्पॅक्टची किंमत विचारत फिरत असतो! आकडा ५३/३९ निघाला तर गोष्ट वेगळी. जुन्या पाच बोल्टच्या शिमानो क्रँकवर बोल्टचं वर्तुळ १३० मिलिमीटरचं असतं, त्यावर ३८ पेक्षा लहान रिंग बसतच नाही. तिथे अख्खी क्रँक बदलावी लागते, आणि ३९ च्या रिंगने घाट चढणाऱ्याने ती जरूर बदलावी. अलीकडच्या चार बोल्टच्या शिमानो क्रँकवर हे वर्तुळ ११० चं असतं, त्यामुळे ५२/३६ च्या जागी ५०/३४ च्या नुसत्या रिंगा लावता येतात.

कॅसेटचं घोडं अडतं ते मागच्या डिरेलरपाशी, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागापाशी. शिमानोच्या ‘१०५’ या रोड संचाच्या आर७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग म्हणजे पिंजरा) डिरेलर ३० दातांपर्यंतच झेपवतो, लांब पिंजऱ्याचा ३४ पर्यंत. डिरेलरच्या आतल्या बाजूला मॉडेलच्या आकड्यांबरोबर एसएस (आखूड) किंवा जीएस (लांब) लिहिलेलं असतं, तिथून कळतं. आखूड निघाला तर डिरेलरचाही खर्च धरा. शिवाय चक्र मोठं झालं की बहुधा चेनही लांब लागते. मेकॅनिककडे उभे असाल तर सायकल स्टँडवर असतानाच पुढे मोठी रिंग, मागे मोठं चक्र असा गिअर हाताने हळू टाकायला सांगा. डिरेलरचा पिंजरा पूर्ण ताणून पुढे सरळ झाला, तर चेन आखूड आहे. रस्त्यावर असा गिअर चुकून पडला तर डिरेलर तुटू शकतो. डिरेलरचं वरचं छोटं चाक मोठ्या चक्राला घासून घरघरत असेल, तर तो बी-स्क्रूचा, म्हणजे या दोन्हींमधलं अंतर ठरवणाऱ्या स्क्रूचा प्रश्न. दोन मिनिटांचं काम.

३४ चं चक्र म्हणजे कमजोरांची सोय, असं अजूनही काही जण म्हणतात. शिमानोच्या सर्वांत वरच्या रेसिंग संचात, ड्युरा-एसच्या आर९१०० मालिकेत, मर्यादा ३० दातांची होती. २०२१ मध्ये आलेल्या आर९२०० मालिकेत खुद्द ११-३४ ची कॅसेट आहे.

क्रँकला मी पहिली पसंती देतो ती सामान लादून फिरणाऱ्यांसाठी. कोकणातून आंबोलीमार्गे वर येताना पॅनिअरमध्ये (कॅरिअरच्या बाजूला लावायच्या पिशव्यांत) दहा-बारा किलो असतील, तर ३४/३४ सुद्धा कमी पडतो आणि मागे आणखी मोठं चक्र रोडच्या बऱ्याच डिरेलरना झेपत नाही. तिथे जीआरएक्सची (शिमानोचा कच्च्या रस्त्यांच्या ग्रॅव्हल सायकलींसाठीचा संच) ४६/३० ची क्रँक कामाला येते: ३०/३४ म्हणजे एका फेरीत १.९ मीटरपेक्षाही कमी. ४६/११ वर ९० फेऱ्यांना ताशी ४७ किलोमीटर मिळतात, लादलेल्या सायकलला ते भरपूर झाले. मात्र या क्रँकच्या रिंगा अडीच मिलिमीटर बाहेरच्या बाजूला असतात, त्यामुळे पुढचा डिरेलरही जीआरएक्सचाच घ्यावा लागतो. क्रँकची ऑर्डर देतानाच तो मागवा.