कारभारीपण, ख्रिस्ती

धनसंपत्ती परमेश्वराची असून माणूस तिचा केवळ कारभारी आहे, अशी ख्रिस्ती नीतिविचारातील संकल्पना. तिची मुळे जुन्या करारात आहेत : लेवीय २५:२३ प्रमाणे जमीन परमेश्वराची असल्याने ती कायमची विकता येत नाही, तर १९:९-१० प्रमाणे कापणीनंतरचा सरवा गरीब व परदेशी यांच्यासाठी सोडावा लागतो.

यरुशलेमच्या आद्य ख्रिस्ती मंडळीत सर्व काही समाईक होते, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ (बहुधा इ. स. ८०-९०) या ग्रंथात म्हटले आहे (२:४४-४५, ४:३२-३७). ही व्यवस्था सक्तीची होती की ऐच्छिक, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक तिची तुलना मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील ज्यू धर्मसंघाशी करतात. तेथे दीक्षा घेणाऱ्यांची मालमत्ता टप्प्याटप्प्याने संघाकडे जात असे. तथापि जमीन विकण्यापूर्वी ती तुझीच होती व विकल्यावरही रक्कम तुझ्याच स्वाधीन होती, असे येशूचा शिष्य पेत्र हा विक्रीच्या रकमेचा काही भाग लपविणाऱ्या हनन्याला सुनावतो (५:४). शिवाय मार्कची आई मरीया हिचे घर तिच्याकडेच राहिलेले दिसते (१२:१२). त्यामुळे गरज पडेल तसे स्वेच्छेने विकून वाटणे, हा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ टॉमस अक्वायनस यानेही संपादन व सांभाळ यांपुरताच खासगी हक्क मानून उपभोग समाईक ठरविला.

विदर्भात या विचाराला अर्थशास्त्रीय रूप मिळाले ते वर्ध्यात. ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले जे. सी. कुमारप्पा (१८९२-१९६०) हे १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीतून पाहत आणि येशूच्या शिकवणीच्या आधारे ग्रामीण अर्थव्यवस्थेची मांडणी करीत. धनिकाने आपली संपत्ती समाजाचा विश्वस्त म्हणून सांभाळावी, या गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेचा उगमही कधीकधी ख्रिस्ती मानला जातो. मात्र आत्मकथेत त्यांनी गीतेचा अपरिग्रह व इंग्रजी कायद्याचा अभ्यास यांचाच निर्देश केलेला असल्याने ते मत जपूनच स्वीकारावे लागते.

खेड्यांतील मंडळ्यांत कापणीच्या सणाला तुरीच्या शेंगा, ज्वारीची कणसे, कोहळे, क्वचित कोंबडीही वेदीपुढे येते. उपासनेनंतर लिलाव होतो आणि बोली मुद्दाम बाजारभावाच्या वर नेली जाते. दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवकार्याला देण्याचा, हिशेब मात्र अवघड असतो. बियाणे व खत कृषी केंद्रातून उधारीवर उचललेल्या कोरडवाहू कापूस-उत्पादकाने तो चुकाऱ्याच्या पूर्ण रकमेवर काढावा की उधारी वजा जाता उरलेल्या रकमेवर, याचा निर्वाळा नव्या करारात नाही. तेथे प्रत्येकाने मनात ठरविल्याप्रमाणे द्यावे, एवढेच सांगितले आहे (२ करिंथ ९:७).