भाजी फ्रीजमध्ये ठेवण्याआधी पिशवीची गाठ सोडा

ताजी आणि फ्रोजन भाजी घरी टिकवण्याविषयी, आमच्या ग्राहकांसाठी

"परवा दिलेली पालेभाजी आज सडली." आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच. फोटो मागवला की दृश्यही बहुतेक वेळा तेच असतं. पिशवी आमचीच, गाठ आम्ही मारली होती तशीच, आतल्या बाजूला पाण्याचे थेंब आणि तळाशी काळपट हिरवा लगदा. भाजी मुळातच खराब आली असेल तर ती पोहोचते त्या दिवशीच पानं पिवळी किंवा देठ काळे दिसतात. वरून हिरवीगार असलेली जुडी दोन-तीन दिवसांनी तळाकडून सडायला लागली, तर आधी त्या गाठीकडे बघा.

तोडल्यानंतरही भाजी जिवंतच असते. तिचा श्वास चालू असतो. ती ऑक्सिजन घेते आणि कार्बन डायऑक्साइड, वाफ व थोडी उष्णता बाहेर टाकते. तापमान १० अंश सेल्सियसने वाढलं की हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून सकाळी आलेली भाजी संध्याकाळपर्यंत ओट्यावर पडून राहिली की तिचं आयुष्य तिथेच कमी होतं. गाठ मारलेल्या पिशवीत ही वाफ कोंडते. पिशवी फ्रीजमध्ये गेली की आधी प्लास्टिक गार पडतं, वाफेचं पाणी होतं आणि ते पानांवर ओघळून तळाशी साचतं. ओल्या पानावर जिवाणू आणि बुरशी झपाट्याने वाढतात. एक पान बुळबुळीत झालं की त्याला चिकटलेली चार पानं दुसऱ्या दिवशी तशीच होतात.

मग पिशवी काढून भाजी तशीच उघडी ठेवावी का? तेही नको. फ्रीजमधली हवा कोरडी असते. पालेभाजीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यातलं थोडं जरी उडालं तरी पानं मान टाकतात. थोडक्यात, पाणी भाजीच्या आत राहिलं पाहिजे आणि अंगावर राहता कामा नये. पुढे जे सांगितलं आहे ते सगळं एवढ्याचसाठी.

पालेभाजी आणि कोथिंबीर

जुडी हातात आली की दोरा किंवा रबर काढा. बांधलेल्या जागी देठ चेपलेले असतात आणि सडायला तिथूनच सुरुवात होते. पिवळी, मोडलेली, काळी पडलेली पानं निवडून टाका. बाकीची भाजी कोरड्या सुती कापडावर पसरून पंख्याखाली १५-२० मिनिटं ठेवा. पान हाताच्या मागच्या बाजूला लावून बघा. गार लागलं तरी चालेल, ओल लागता कामा नये. मग भाजी कोरड्या फडक्यात किंवा कागदी टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळा. वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई पानांना लागते. ही गुंडाळी तोंड उघड्या पिशवीत किंवा डब्यात घालून भाजीच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. डबा घट्ट झाकणाचा असेल तर भाजीच्या खाली आणि वर कापडाची एकेक घडी घाला. दर दोन दिवसांनी कापडाला हात लावून बघा आणि ओलं लागलं तर बदला. सगळ्यांकडून नेमकी हीच पायरी राहते. ओलं झालेलं कापड आत तसंच राहिलं की गाठ मारलेल्या पिशवीत आणि त्याच्यात फारसा फरक उरत नाही.

अशी ठेवलेली पालक चार-पाच दिवस चांगली राहते. कोथिंबिरीचे देठ ताजे असतील तर ती फुलांसारखी पाण्याच्या पेल्यात उभी ठेवा आणि वरून सैल पिशवी घाला. दर दोन दिवसांनी पाणी बदललं तर ती आठवडाभर टवटवीत राहते. पाण्यात फक्त देठ बुडाले पाहिजेत, पानं नाहीत.

पानं नुसती कोमेजली असतील तर टाकून देऊ नका. देठाचं टोक कापा आणि गार पाण्यात १५ ते ३० मिनिटं बुडवून ठेवा. पेशींत पाणी परत भरलं की पानं ताठ होतात. मात्र ही भाजी त्याच दिवशी वापरा. बुळबुळीत झालेल्या पानांना हा उपाय लागू नाही.

धुऊन का देत नाही?

भाजीला माती दिसली की हा प्रश्न हमखास येतो. मुद्दामच देत नाही. धुतलेली भाजी पूर्ण कोरडी करून पाठवायची तर तिला गोल फिरवून पाणी काढावं लागतं, त्यात पानं दुखावतात, आणि पानांच्या बेचक्यात राहिलेलं पाणी वाटेत आपलं काम करतच राहतं. कोरड्या मातीने गाजर, बटाटा, बीट बिघडत नाहीत. म्हणून भाजी वापरायच्या वेळी, वाहत्या पाण्याखाली धुवा. आणल्या आणल्या धुऊन ठेवायचीच सवय असेल तर चाळणीत निथळून, कापडावर पसरून ठणठणीत कोरडी करूनच आत ठेवा. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ नसेल तर न धुता ठेवलेली बरी.

आमच्या पिशवीला बारीक छिद्रं असतात. "पिशवी फाटकी आली" असं दर आठवड्याला कोणीतरी कळवतंच. ती छिद्रं वाफ बाहेर जाण्यासाठी आम्ही पाडून घेतो. तरीही भरगच्च ड्रॉवरमध्ये एकीवर एक चार पिशव्या दाबल्या की छिद्रं बुजतात. गाठ मारतो ती फक्त वाटेत भाजी सांडू नये म्हणून, घरी आल्यावर तिचं काम संपलं.

सगळ्यांनाच फ्रीज मानवत नाही

बटाटा अंधाऱ्या, हवेशीर, शक्य तितक्या थंड जागी बाहेरच ठेवा. फ्रीजच्या थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते आणि तळताना फोडी लवकर करपतात. उजेडात ठेवला तर तो हिरवा पडतो. हिरवा रंग हरितद्रव्याचा असला तरी त्याच वेळी सालीजवळ सोलॅनिन हे विषारी द्रव्यही वाढतं, म्हणून हिरवा भाग आणि कोंब खोलवर कापून टाका आणि फार हिरवा असेल तर अख्खा बटाटाच टाकून द्या. कांदाही बाहेरच, जाळीत किंवा टोपलीत, पण बटाट्यापासून लांब. एकाच टोपलीत ठेवले तर बटाट्याच्या ओलीने कांदे मऊ पडतात.

टोमॅटो पिकेपर्यंत बाहेर, देठाची बाजू खाली करून ठेवा. कच्चा टोमॅटो फ्रीजमध्ये गेला की पुढे नीट पिकत नाही आणि चवही जाते. पूर्ण पिकल्यावर दोन-तीन दिवसांसाठी आत ठेवायला हरकत नाही. काकडी, वांगी, भेंडी यांनाही फार थंडी सोसत नाही. काकडी-वांग्याला १० अंशांखाली फार दिवस ठेवलं की सालीवर खड्डे पडतात, आतून पाणी सुटतं किंवा बिया तपकिरी होतात. लोक याला "सडकी काकडी पाठवली" म्हणतात. खरं तर ती थंडीने बाधलेली असते. फ्रीजमध्ये ठेवायचीच असेल तर मागच्या भिंतीपासून दूर ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा. भेंडी कोरडी पुसून कागदात ठेवा, ओल लागली की काळे डाग पडून चिकट होते. मशरूमलाही कागदी पिशवीच.

गाजर, मुळा, बीट यांचा पाला आल्याबरोबर कापा आणि दोन-तीन सेंटीमीटर देठ राहू द्या. पाला तसाच राहिला तर तो मुळातलं पाणी ओढून घेत राहतो आणि गाजर रबरासारखं वाकतं. पाला काढलेलं गाजर कोरड्या कापडासह पिशवीत ठेवलं तर तीन-चार आठवडे सहज टिकतं.

सफरचंद, पिकलेली केळी, पिकलेला टोमॅटो आणि खरबूज एथिलीन नावाचा वायू सोडतात. त्याने फळं पिकतात, पण शेजारच्या पालेभाज्या आणि ब्रोकोली पिवळ्या पडतात, गाजर कडवट होतं. त्यामुळे फळं आणि भाज्या एका ड्रॉवरमध्ये कोंबू नका. ड्रॉवरला हवेची झडप उघडझाप करणारी सरकती पट्टी असेल तर ज्यात पालेभाजी आहे त्याची झडप बंद आणि ज्यात फळं आहेत त्याची उघडी ठेवा.

फ्रीज ४ अंश किंवा त्याहून थोडा कमी असावा. खात्री करायची तर पेलाभर पाण्यात थर्मामीटर घालून रात्रभर मधल्या कप्प्यात ठेवा. मागच्या भिंतीला चिकटलेली पानं काचेसारखी पारदर्शक होऊन काळी पडली असतील तर ती सडलेली नाहीत, गोठली आहेत.

फ्रोजन मटारचा दगड का होतो?

आमचं फ्रोजन पाकीट हातात घेऊन हलवून बघा. दाणे सुटे खुळखुळले पाहिजेत. खुळखुळत नसतील तर आमच्या माणसाला तिथल्या तिथे परत द्या. वाटेत ते वितळून पुन्हा गोठलं असणार.

घरी आल्यावर मात्र दगड होतो तो बहुधा ओट्यावर. पाकीट बाहेर काढलं, फोन आला, वीस मिनिटांनी उरलेलं परत आत गेलं. तेवढ्यात दाण्यांच्या वरचा थर वितळतो आणि सुटलेल्या पाण्याने दाणे एकमेकांना चिकटून गोठतात. शिवाय घरच्या फ्रीजरमध्ये गोठण्याची क्रिया संथ असते. त्यामुळे बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशींच्या भिंती फोडतात आणि शिजवल्यावर भाजी लिबलिबीत लागते. पाकिटाच्या आत दिसणारा पांढरा बर्फही भाजीतूनच निघालेलं पाणी असतं. हवं तेवढं वाटीत काढा, हवा दाबून पाकीट गुंडाळा, चिमटा लावा आणि लगेच आत टाका. याच कारणासाठी आम्ही अर्ध्या किलोचीच पाकिटं ठेवतो. मोठं पाकीट मागणारे बरेच असतात, पण ते दहा वेळा उघडलं जातं आणि प्रत्येक वेळी दमट हवा आत शिरते.

फ्रोजन भाजी आधी वितळवू नका, तापलेल्या भांड्यात थेट घाला आणि एकावर एक थर न देता पसरा. गर्दी केली की ती आपल्याच पाण्यात उकडते. ती आधीच थोडी वाफवलेली असल्याने ताज्यापेक्षा कमी वेळ लागतो. मात्र न शिजवता सॅलडमध्ये घालू नका. लिस्टेरिया हा जिवाणू गोठवल्याने मरत नाही. २०१८ मध्ये युरोपात त्याची साथ फ्रोजन मक्यातून पसरल्याचं तपासात निघालं होतं.

घरी गोठवायचं असेल तर

जास्तीची भाजी फ्रीजरमध्ये नुसती टाकून भागत नाही. गोठवल्याने भाजीतली एन्झाइम, म्हणजे तिच्यातल्या रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं, मंदावतात, थांबत नाहीत. दोन महिन्यांत रंग उतरतो आणि गवतासारखा वास येतो. म्हणून आधी ब्लांच करा, म्हणजे उकळत्या पाण्यात थोडा वेळ घालून लगेच गार करा. अर्ध्या किलो भाजीला ४ लिटर पाणी खळखळ उकळा. भाजी घातल्यावर उकळी मिनिटभरात परत आली पाहिजे. नाही आली तर भाजी जास्त झाली. उकळी आल्यापासून मटार दीड मिनिट, पालक आणि गाजराचे काप २ मिनिटं, फरसबी आणि फ्लॉवरचे तुरे ३ मिनिटं. लगेच तेवढाच वेळ बर्फाच्या पाण्यात घाला. घाईने कमी वेळ उकळणं हे अजिबात न उकळण्यापेक्षा वाईट, कारण अर्धवट उष्णतेने एन्झाइमना चालनाच मिळते. ढोबळी मिरची आणि कांदा मात्र चिरून तसेच गोठवता येतात.

मग निथळून, कापडावर कोरडं करून, ताटात एकाच थरात पसरून गोठवा आणि दगडासारखं कडक झाल्यावर पिशवीत भरा. पिशवीवर तारीख टाका. एका दिवसात फार भरू नका. ३० लिटर फ्रीजरमागे साधारण १ किलो पुरे, नाहीतर सगळंच हळू गोठतं. उणे १८ अंशांवर आठ ते बारा महिने चव चांगली राहते.

वीज गेली तर दार उघडू नका. भरलेला फ्रीजर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास आणि फ्रीज ४ तास थंडी धरून ठेवतो. वीज आल्यावर भाजीत बर्फाचे कण शिल्लक असतील तर ती पुन्हा गोठवता येते, फक्त थोडी मऊ पडेल. पूर्ण वितळून दोन तासांहून जास्त वेळ ४ अंशांच्या वर राहिलेली टाकून द्या.

इतकं करूनही ज्यांच्याकडे आठवड्याअखेर पालेभाजी उरते, त्यांनी आमच्याकडून एकदम न घेता आठवड्यातून दोनदा अर्धी-अर्धी मागवावी. त्यासाठी वेगळं काही आकारत नाही. पालेभाजी पहिल्या खेपेला, कोबी, गाजर, बीट दुसऱ्या खेपेपर्यंत थांबू शकतात, हे मागणी लिहितानाच ठरवा.

भाजी खराब आली असं वाटलं तर पोहोचल्या दिवशीच कळवा. पिशवी उघडा, जुडी सोडून पसरा आणि उजेडात दोन फोटो काढा, एक पानांचा आणि एक देठांचा. तेवढ्यावर आम्ही भाजी बदलून देतो. गाठ मारलेल्या पिशवीचा बाहेरून काढलेला फोटो पाठवू नका. त्यात आम्हाला फक्त वाफ दिसते.