एकट्या मायटोकॉन्ड्रियावरून माशाची जात ठरत नाही

माशाच्या मायटोकॉन्ड्रियातला (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातला) जीनोम, म्हणजे तिथला सगळा डीएनए, वाचला की जात पक्की ठरते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. हा जीनोम जेमतेम 16-17 हजार डीएनए-अक्षरांचा, 37 जनुकांचा, आणि मिळतो फक्त आईकडून.

पापुआ न्यू गिनीच्या प्रवाळांमधला पांढऱ्या टोपीचा क्लाउनफिश बघा. केशरी अंग, डोक्यावर टोपीसारखा पांढरा डाग. हा दोन जातींचा संकर. क्लाउनफिशच्या जोडीत मोठा असेल तो मासा मादी होतो, त्यामुळे आई बहुधा थोराड जातीची. मायटोकॉन्ड्रिया वाचला तर पिल्लू थेट आईच्याच जातीचं वाटतं. बापाचा मागमूसही लागत नाही! तो सापडतो पेशीकेंद्रकातल्या डीएनएमध्ये. संकराची शंका असेल तिथे दोन्ही वाचायलाच हवेत.