सुटलेलं अण्वस्त्र परत बोलावता येतं का? थोडी पार्श्वभूमी

मे २०२५ मधे भारत-पाक तणावात नागरी संरक्षणाच्या मॉकड्रिलच्या यादीत ठाणे आणि उरण आलं आणि आमच्या घोडबंदरच्या सोसायटी ग्रुपवर लगेच संरक्षणतज्ज्ञ उगवले. एकाने ठोकून दिलं, टेन्शन नको, अण्वस्त्र चुकून सुटलंच तर कोड टाकून हवेतच बंद करतात. नाही करत हो.

ही समजूत बहुतेक विमानांच्या काळातली. १९५० च्या दशकात अणुबॉम्ब विमानातून न्यायचे, तेव्हा अमेरिकेने पद्धतच पाडली होती की विमानं ठरलेल्या जागेपर्यंत जातील आणि पुढे जायचा स्पष्ट हुकूम आला नाही तर माघारी फिरतील. मिसाईलं आली आणि ही सोय गेली. आंतरखंडीय मिसाईल साधारण ३० मिनिटांत पोचतं, त्यातली पहिली काही मिनिटंच इंजिन चालू, पुढे वॉरहेड, म्हणजे टोकावरचा बॉम्ब, भिरकावलेल्या दगडासारखं जातं.

पण खरी गोम वेगळीच आहे. टेस्टच्या मिसाईलमधे मधेच उडवून द्यायची यंत्रणा असते, नोव्हेंबर २०२३ मधे कॅलिफोर्नियातून टेस्टसाठी सोडलेलं अमेरिकेचं मिनिटमन-३ मिसाईल गडबड दिसल्यावर पॅसिफिकवर असंच नष्ट केलं. म्हणजे तंत्र हाताशी आहे, पण युद्धासाठी तैनात मिसाईलवर ते मुद्दाम ठेवत नाहीत. १९९० च्या आसपास काही शास्त्रज्ञांनी ते बसवा म्हणून जोर लावला होता. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं, तो सिग्नल शत्रूच्या हाती लागला तर अख्खा ताफा निकामी, शिवाय परत बोलावता येतंय म्हटल्यावर सोडायला हात पटकन धजावेल. दुसऱ्या मुद्द्यात दम आहे. पहिला मला तरी अर्धवट वाटतो, कारण लॉन्चचे कोड इतकी वर्षं सांभाळता येतात तर हा एक का नाही?

दिलासा वाटावा अशी आणखी एक गोष्ट: १९९४ मधे अमेरिका-रशियाने मिसाईलं एकमेकांवर रोखून न ठेवायचं ठरवलं, पेपरात मोठी बातमी, पण निशाणा परत लावायला काही मिनिटं पुरतात.

आपल्याकडचं उदाहरण ९ मार्च २०२२ चं. ब्रह्मोस चुकून सुटलं, पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. त्यात स्फोटकं नव्हती, अणुबॉम्बचा तर प्रश्नच नाही, कोणी दगावलं नाही. पण एकदा सुटल्यावर ते पडेपर्यंत गेलंच. नंतर चौकशी होऊन तीन अधिकारी बडतर्फ झाले. भारताचा जाहीर खुलासा आला दोन दिवसांनी, आणि पाकिस्तानची मोठी तक्रार हीच होती की लगेच कळवलं का नाही.