श्रोव्हटाइड फुटबॉल

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत मध्ययुगापासून खेळला गेलेला सामुदायिक चेंडूखेळ. ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ बुधवारी सुरू होतो; त्याच्या आदल्या दिवशीचा मंगळवार हा या खेळाचा दिवस. खेळाडूंच्या संख्येला मर्यादा नसे, पंच नसे. गावाचे दोन भाग किंवा शेजारची दोन गावे एकमेकांविरुद्ध उतरत. शेते, ओढे, गल्ल्या हेच मैदान. चेंडू लाथाडण्यापेक्षा उचलून, रेटून, ओढूनच जास्त नेला जाई.

याला नुसता धुडगूस म्हणणे अन्यायाचे आहे. डर्बीशायरमधील ॲशबोर्नला हा खेळ अजून मंगळवार-बुधवार असे दोन दिवस चालतो आणि त्याची शिस्त तिथे दिसते. हेनमोर ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेले ते ‘अपर्ड्‌स’, दक्षिणेकडचे ‘डाउनर्ड्‌स’. म्हणजे बाजू जन्मानेच ठरते. स्टर्स्टन आणि क्लिफ्टन या जुन्या पाणचक्क्यांच्या जागी, एकमेकांपासून सुमारे ५ किमी. अंतरावर, दोन गोल आहेत. प्रत्येक बाजू चेंडू आपल्याच गोलाकडे नेते. तेथील जात्याच्या दगडावर तो तीनदा आपटला की गोल झाला. कातडी चेंडूत बुचाच्या झाडाची साल भरलेली असते, त्यामुळे ओढ्यात पडला तरी तो तरंगतो. मग कडाक्याच्या थंडीत खेळाडूही कमरेइतक्या पाण्यात उतरतात. दुपारी २ ला सुरू झालेला खेळ रात्री १० पर्यंत चालू शकतो. दुकानदार आधीच दारेखिडक्यांना फळ्या ठोकून घेतात. चेंडू कपड्यांत लपवणे, वाहनातून नेणे आणि दफनभूमीत शिरणे वर्ज्य आहे. गोल करणारा चेंडू घरी नेतो. १९२८ साली युवराज एडवर्ड (पुढे आठवा एडवर्ड) यांनी येथे चेंडू उडवून खेळ सुरू केला होता.

राज्यकर्त्यांना पूर्वी मात्र हा खेळ रुचत नसे. १३१४ मध्ये दुसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीत लंडनच्या महापौराने शहरात त्यावर बंदी घातली. १८३५ च्या महामार्ग कायद्याने रस्त्यावर फुटबॉल खेळणाऱ्यांना दंड ठरवला. सामाईक जमिनींना कुंपणे पडली, माणसे कारखान्यांत गेली आणि गावोगावचे खेळ बंद पडत गेले. १८६३ मध्ये फुटबॉल असोसिएशनने नियम बांधले, ते आखलेल्या मैदानावरच्या खेळासाठी.

ॲनिक व सेजफील्ड येथेही जुनी प्रथा टिकून आहे. वॉरिकशायरमधील ॲथरस्टोनला तर गोलच नसतात. वेळ संपताना चेंडू ज्याच्या हाती, तो विजयी.