कॉन्फरन्स विजेतेपदाची शर्यत (अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉल)

कॉन्फरन्स विजेतेपदाची शर्यत : अमेरिकेतील विद्यापीठीय बास्केटबॉलमध्ये एकाच कॉन्फरन्सचे संघ आपसांत जे साखळी सामने खेळतात, त्यांच्या गुणतक्त्यातील अग्रस्थानासाठी चालणारी चढाओढ. हे सामने मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात संपतात. बोलण्यात मात्र ‘शर्यत’ हा शब्द शेवटच्या दोन-तीन आठवड्यांसाठीच येतो, कारण जर-तरची गणिते तेव्हाच सुरू होतात. आयपीएलच्या साखळी फेरीअखेर मराठी वृत्तपत्रांत जी समीकरणे छापली जातात, त्यांच्याशी याचे साम्य आहे. फरक एवढाच, की येथे एकाच वेळी तीसहून अधिक गुणतक्ते चालू असतात.

‘कॉन्फरन्स’ला मराठीत ‘परिषद’ म्हटले की ठराव आणि भाषणे डोळ्यांसमोर येतात. ‘गट’ म्हटले तर चिठ्ठ्या टाकून एका स्पर्धेपुरते एकत्र आणलेले संघ वाटतात. प्रत्यक्षात कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांची कायमस्वरूपी संघटना. वेळापत्रक आखणे, पंच नेमणे, प्रक्षेपणहक्क विकणे आणि आलेला पैसा वाटणे ही तिची कामे. म्हणून प्रस्तुत नोंदीत मूळ शब्दच ठेवला आहे. गंमत अशी, की आरंभीच्या कॉन्फरन्स खरोखरच परिषदा होत्या.

उगम : सर्वांत जुनी कॉन्फरन्स कोणती, याविषयी एकमत नाही. मिशिगन राज्यातील लहान महाविद्यालयांची संघटना १८८८ पासूनची आहे. परंतु जेम्स नेस्मिथ यांनी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉल शोधून काढला तो डिसेंबर १८९१ मध्ये. म्हणजे ही संघटना खेळापेक्षाही वयाने मोठी. मोठ्या विद्यापीठांपुरते पाहिल्यास बिग टेनचा मान पहिला. तिचे जन्मवर्ष मात्र कोठे १८९५, तर कोठे १८९६ असे आढळते. जानेवारी १८९५ मध्ये पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या पुढाकाराने सात विद्यापीठांचे अध्यक्ष शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात भेटले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्याच ठिकाणी प्राध्यापक-प्रतिनिधींची बैठक होऊन संघटनेला रूप आले. पहिली बैठक हा प्रारंभ मानायचा की स्थापना, एवढाच हा वाद असून १८९६ हे वर्ष अधिक ग्राह्य वाटते. या मंडळींपुढचा प्रश्न अमेरिकन फुटबॉलमधील गैरप्रकारांचा होता. बास्केटबॉल त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेवर असण्याचे कारणच नव्हते.

त्यामुळे कॉन्फरन्सचे वय हे तिच्या बास्केटबॉल शर्यतीचे वय धरता येत नाही. बिग टेनमध्ये (तेव्हा रूढ नाव वेस्टर्न कॉन्फरन्स) या खेळाचे विजेतेपद १९०५-०६ च्या हंगामापासून मोजतात. पहिला विजेता मिनेसोटा. त्याआधी, १९०१-०२ मध्ये, येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन, कोलंबिया आणि कॉर्नेल यांची ईस्टर्न लीग सुरू झाली होती. तिचे पहिले विजेतेपद येलने मिळवले. आजची आयव्ही लीग (ईशान्य अमेरिकेतील आठ जुन्या विद्यापीठांची कॉन्फरन्स) स्वतःला हिचीच वारस मानते. यावर दोन आक्षेप घेतले जातात : एक, १९०८ नंतर लीगमध्ये दोन हंगामांचा खंड पडला आणि दुसरा, आयव्हीचा औपचारिक करार १९५४ चा आहे. पण ठरलेले संघ, ठरलेले सामने आणि हंगामअखेर एक विजेता ही शर्यतीची कसोटी मानली, तर ईस्टर्न लीगचा दावा अधिक भक्कम ठरतो. सनदेच्या तारखेपेक्षा वेळापत्रक महत्त्वाचे.

‘शर्यत’ हा शब्दप्रयोग आणि त्याची मोजपट्टी दोन्ही बेसबॉलमधून आलेली आहेत.

गणित : बरोबरीत सुटणारा सामना बास्केटबॉलमध्ये नसतो, जादा वेळ देऊन निकाल लावतात. म्हणून तक्त्यात विजय आणि पराभव असे दोनच रकाने पुरतात. दोन संघांनी सारखेच सामने खेळलेले नसतात, तेव्हा ‘किती सामने मागे’ हे काढण्यासाठी विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून निम्मी करतात. पहिला संघ १३-४ आणि दुसरा १२-६ असेल, तर फरक एक आणि दोन, म्हणजे दुसरा दीड सामना मागे. नवख्याला खटकतो तो हा ‘अर्धा सामना’. त्याचा अर्थ इतकाच, की एकाचा एखादा सामना अजून व्हायचा आहे.

दुसरे माप म्हणजे जादुई आकडा. एकूण सामन्यांत एक मिळवायचा, त्यातून आघाडीच्या संघाचे विजय आणि पाठलाग करणाऱ्याचे पराभव वजा करायचे. वीस सामन्यांच्या हंगामात आघाडीचा संघ १५-३ आणि पाठोपाठचा १४-४ असेल, तर २१ मधून १५ आणि ४ गेले, उरले दोन. पहिल्याचा विजय किंवा दुसऱ्याचा पराभव, अशा दोन घटना घडल्या की विजेतेपद निर्विवाद झाले. नुसता वाटा हवा असेल तर एक घटना पुरे. हा भेद लक्षात घेतला पाहिजे, कारण बिग टेनसारख्या कॉन्फरन्समध्ये बरोबरी झाल्यास ती फोडत नाहीत, विजेतेपद सगळ्यांना वाटून देतात. २०१९-२० मध्ये विस्कॉन्सिन, मिशिगन स्टेट आणि मेरीलँड हे तिघेही १४-६ वर थांबले आणि तिघेही विजेते झाले. आठवडाभरात कोविडमुळे पुढच्या सर्व स्पर्धा रद्द झाल्या, म्हणून त्या वर्षी तेवढेच हाती राहिले.

बरोबरी फोडावी लागते ती हंगामोत्तर बाद स्पर्धेतील मानांकनासाठी. प्रथम त्या संघांचे आपसांतील निकाल पाहतात. संघ दोनपेक्षा अधिक असतील, तर त्यांच्यापुरता वेगळा छोटा तक्ता मांडतात. तेवढ्याने भागले नाही, तर अग्रस्थानापासून खाली एकेका संघाविरुद्ध कोणी काय केले हे पाहत जातात. क्रिकेटमधील निव्वळ धावगतीसारखा गुणफरकाचा निकष येथे सहसा लावत नाहीत. शेवटी उरते नाणेफेक.

हे सर्व गणित एका गृहीतावर उभे आहे : सर्वांचे वेळापत्रक सारखे असावे. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा बाहेर खेळावे, हा जुना नियम मोठ्या कॉन्फरन्सने केव्हाच सोडला. २०२४ पासून बिग टेनमध्ये अठरा संघ आहेत. नाव मात्र दहाचेच राहिले आहे. वीस सामन्यांत प्रत्येक संघ तिघांशी दोनदा आणि उरलेल्या चौदांशी एकदाच खेळतो. ते तीन कोण, यावर हंगाम सोपा की अवघड हे पुष्कळसे ठरते. न्यू जर्सीतील रट्गर्स आणि सिएटलचे वॉशिंग्टन एका तक्त्यात आल्यावर प्रवासाचा भारही सारखा राहिला नाही.

अंतिम स्पर्धेचे आव्हान : शर्यतीचे मोल कमी केले ते कॉन्फरन्सच्या हंगामोत्तर बाद स्पर्धेने. अशी पहिली स्पर्धा बहुधा १९२१ ची, अटलांटा येथील. तीत केंटकीने जॉर्जियाला २०-१९ असे हरवले. ही स्पर्धा जुन्या दक्षिणी संघटनेची की त्याच वर्षी जन्मलेल्या सदर्न कॉन्फरन्सची, याविषयी नोंदींत तफावत आहे. ती जुन्या संघटनेच्या नावावर टाकणे योग्य दिसते.

१९५३ मध्ये सदर्नमधून सात विद्यापीठे बाहेर पडून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स (एसीसी) झाली. तिने स्पर्धेलाच सर्वस्व मानले आणि १९६१ मध्ये तसा नियमही केला : अधिकृत विजेता तो, जो स्पर्धा जिंकेल. राष्ट्रीय स्पर्धेत (एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेची हंगामअखेरची बाद स्पर्धा) तेव्हा प्रत्येक कॉन्फरन्समधून एकच संघ घेत असत. परिणाम कठोर झाले. १९७० मध्ये साउथ कॅरोलायनाने साखळीतील चौदाच्या चौदा सामने जिंकले आणि स्पर्धेच्या अंतिम फेरीत नॉर्थ कॅरोलायना स्टेटकडून दुसऱ्या जादा वेळेत ४२-३९ अशी हार खाल्ली. दोन महिन्यांची कमाई एका रात्रीत गेली. पुढच्याच वर्षी त्यांनी कॉन्फरन्स सोडली. त्यामागे इतरही कारणे होती. १९७४ मध्ये मेरीलँड त्याच प्रतिस्पर्ध्याकडून जादा वेळेत १०३-१०० असा हरला आणि देशातील सर्वोत्तम संघांपैकी एक असूनही घरी बसला. १९७५ पासून राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका कॉन्फरन्समधून एकाहून अधिक संघ घेण्याची वाट मोकळी झाली. मेरीलँडचा तो सामना हे याचे एकमेव कारण असल्याचे सांगितले जाते, ते काहीसे सोपे करून सांगणे आहे. मात्र त्याने निर्णयाला धार आली, यात शंका नाही.

बिग टेनने १९९८ पर्यंत स्पर्धा घेतलीच नाही. आयव्हीने तर २०१७ पर्यंत. तोवर आयव्हीत आठ संघांचे चौदा सामने हाच निकाल होता आणि अग्रस्थानी बरोबरी झाली तरच तटस्थ मैदानावर एक निर्णायक सामना होई. शर्यतीचे शुद्ध रूप पाहायचे तर ते येथे. ७ मार्च २०१५ ची रात्र याचे चांगले उदाहरण. शुक्रवार-शनिवार असे लागोपाठ दोन सामने खेळण्याची आयव्हीची जुनी रीत आहे. शुक्रवारी येलने हार्वर्डला त्यांच्याच मैदानावर हरवले होते. आता शनिवारी डार्टमथला हरवले की १९६२ नंतर प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडणार होते. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ उरला असता येल पाच गुणांनी पुढे होते. शेवटच्या क्षणी बास्केटखालून चेंडू आत गेला आणि डार्टमथ ५९-५८ ने जिंकले. तिकडे हार्वर्डने ब्राउनला नमवून बरोबरी साधलेली होती. आठवड्याने फिलाडेल्फियाच्या पॅलेस्ट्रा सभागृहात निर्णायक सामना झाला. हार्वर्ड ५३, येल ५१.

नव्या व्यवस्थेत पहिल्या चारांना स्पर्धेत प्रवेश मिळू लागला आणि आयव्हीची शर्यत चौथ्या क्रमांकासाठी होऊ लागली. पहिल्याच वर्षी प्रिन्स्टनने १४-० असा निष्कलंक हंगाम केला. उपान्त्य फेरीत त्यांच्यासमोर आले ६-८ अशी कामगिरी असलेले पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ), तेही पॅलेस्ट्रात, म्हणजे पेनच्या घरच्याच मैदानावर. प्रिन्स्टन जादा वेळेत कसेबसे वाचले.

उलट बाजूही आहे. २०११ मध्ये कनेक्टिकट बिग ईस्ट कॉन्फरन्समध्ये नववे आले, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कॉन्फरन्स स्पर्धेत पाच दिवसांत पाच सामने जिंकले आणि पुढे राष्ट्रीय विजेतेही झाले. अशी उदाहरणे पाहून शर्यत निरर्थक ठरवणारा एक पक्ष आहे. पण पहिल्या चारांना सुरुवातीच्या फेऱ्यांतून पुढे चाल मिळते आणि पाच दिवस रोज खेळण्याची पाळी क्वचितच कोणाला मानवते, हे तो पक्ष विसरतो.

शेवटचा दिवस : १० मार्च २०१३ रोजी अ‍ॅन आर्बर येथे मिशिगनविरुद्ध इंडियाना खेळले. वाटा आधीच पक्का झाल्याने इंडियानाने पाच दिवसांपूर्वी घरच्या मैदानावर ओहायो स्टेटकडून हरल्यावरही विजेत्यांचा बास्केटची जाळी कापण्याचा समारंभ उरकून घेतला होता. हरलेला संघ शिडीवर चढून जाळी कापतो, हे दृश्य विरळाच. आता मिशिगन जिंकले असते, तर चार संघ १३-५ वर येऊन विजेतेपदाचे चार तुकडे झाले असते. मिनिटभर उरले असता मिशिगन पाच गुणांनी पुढे होते. पण त्यांच्या मुक्त फेकी चुकल्या, इंडियानाच्या कोडी झेलरने शेवटचे सहा गुण केले आणि फलक ७२-७१ झाला. मिशिगनचा अखेरचा हलकासा टोला बास्केटच्या कड्यावर रेंगाळला आणि बाहेर पडला. इंडियानाला १९९३ नंतरचे पहिले निर्विवाद विजेतेपद मिळाले. मिशिगन अग्रस्थानाच्या वाट्यावरून थेट पाचव्या मानांकनावर घसरले आणि पुढे चालही गेली.

जाळी कापण्याच्या प्रथेचे श्रेय सामान्यतः नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे प्रशिक्षक एव्हरेट केस यांना देतात. १९४७ मध्ये सदर्न कॉन्फरन्स जिंकल्यावर त्यांनी ती केली. केस मूळचे इंडियानाचे. तेथील शालेय स्पर्धांत ही रीत आधीपासून होती असे दिसते. तेव्हा त्यांना जनक न म्हणता वाहक म्हणणे बरे.

सलग वर्चस्वाचा विक्रम कॅन्ससच्या नावावर आहे. २००५ ते २०१८ अशी चौदा वर्षे त्यांनी बिग ट्वेल्व्हच्या साखळीत अग्रस्थान राखले, काही वेळा वाटून घेऊन. त्याआधीचा विक्रम यूसीएलएचा, १९६७ ते १९७९, तेरा वर्षांचा.

लहान कॉन्फरन्समधून राष्ट्रीय स्पर्धेत बहुधा एकच संघ जातो आणि तो कॉन्फरन्सच्या बाद स्पर्धेचा विजेता असतो. साखळीत पहिला येऊन स्पर्धेत हरलेल्या संघाला २००६ ते २०२३ या काळात एनआयटी या दुय्यम स्पर्धेत हक्काची जागा होती. नंतर ती काढून घेण्यात आली.

महिलांच्या शर्यती : एनसीएएची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ पासून. त्याआधीच्या कॉन्फरन्स तक्त्यांची नोंद तुटक आहे. अलीकडचे लक्षणीय उदाहरण साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे. २०२५ मध्ये साउथ कॅरोलायना आणि टेक्सस दोघेही १५-१ वर संपले. दोघांचा एकमेव पराभव परस्परांकडून, आपापल्या घराबाहेर. इतर प्रतिस्पर्ध्यांशी दोघांची कामगिरी सारखीच, त्यामुळे वर सांगितलेला एकही निकष लागू पडेना. अखेर कॉन्फरन्सचे आयुक्त ग्रेग सँकी यांनी नाणे उडवले. कौल साउथ कॅरोलायनाच्या बाजूने पडला. आठवड्याने स्पर्धेच्या अंतिम सामन्यात हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि साउथ कॅरोलायनाने तो ६४-४५ असा जिंकला.