सुरुवातीच्या डिझाइनमधलं सीएफडी

सीएफडी म्हणजे कॉम्प्युटेशनल फ्लुइड डायनॅमिक्स, हवा किंवा पाणी कसं वाहील ते कॉम्प्युटरवर गणित मांडून बघायचं. समीकरणं नेव्हिए आणि स्टोक्स यांची, १९व्या शतकातली, पण ती कागदावर सहसा सुटत नाहीत, मग जागेचे लाखो बारीक खण पाडतात, त्याला मेश म्हणतात, आणि खणाखणात वेग नि दाब काढतात. वेग आणि दाब यांची सांगड घालणारी 'सिम्पल' पद्धत १९७२ मध्ये सुहास पाटणकर आणि ब्रायन स्पाल्डिंग यांनी मांडली. पाटणकर पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचे, आणि आजही कितीतरी सॉफ्टवेअरच्या पोटात हीच पद्धत नाहीतर तिची भावंडं चालतात, अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

बरेच जण सीएफडी शेवटी करतात, डिझाइन पक्कं झाल्यावर. तेव्हा चूक सापडून उपयोग काय, पत्रा तर कापून झालेला असतो.

आपल्या नागपूरचा कूलरच घ्या, मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की त्याच्याशिवाय झोप नाही. पंखा जाळीला खेटून बसवायचा की चार बोटं मागे, बॉडी किती खोल, ताटी किती जाड, हे सगळं पत्र्याला हात लावायच्या आधी बघता येतं. वाळ्याची ताटी काडी न काडी कोणी काढत बसत नाही, तिला सच्छिद्र भाग धरतात आणि ती हवेला किती अडवते तो आकडा देतात, फक्त तो आकडा खऱ्या ताटीवर मोजलेला हवा. बॉडी उथळ असली तर बऱ्याचदा असं दिसतं की पंख्याजवळच्या भागातून हवा सुसाट येते आणि कोपऱ्यातली ताटी नुसती ओली राहते.

या टप्प्यावर मेश मुद्दाम जाड ठेवायचा, कारण खणाची बाजू अर्धी केली की खण ८पट होतात आणि लॅपटॉप रात्रभर अडकून बसतो. जाड मेशच्या आकड्यावर विसंबू नका, पण पाच डिझाइनमधली दोन सरळ बाद करायला तो पुरतो. दोघांत उन्नीस-बीस फरक असेल तर ती सारखीच समजा, आणि हवा धारदार कोपऱ्यावरून सुटत असेल तिथे तेवढा मेश बारीक करून परत बघाच, नाहीतर क्रम उलटाही लागू शकतो.

ओपनफोम हे सॉफ्टवेअर २००४ पासून फुकट मिळतं, त्यामुळे छोट्या वर्कशॉपलाही हे जमण्यासारखं आहे. पहिला नमुना तयार झाला की जाळीसमोर अॅनिमोमीटर धरून आठ-दहा ठिकाणी वेग मोजायचा आणि मॉडेलशी ताडून ताटीचा आकडा दुरुस्त करायचा, पुढचं डिझाइन मग त्याच मॉडेलवर.